डॉ. भाभा आणि उसने आकडे

दरवर्षी महाराष्ट्रातील सहावीची आणि नववीची हजारो मुले एका परीक्षेच्या तयारीला लागतात. आपल्या वाशीम जिल्ह्यातील मुलेही त्यांत असतात. परीक्षा बालवैज्ञानिकांची असून तिला डॉ. होमी भाभा यांचे नाव दिलेले आहे. या मुलांना, किंबहुना त्यांना शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांनाही, भाभांनी नेमके काय केले असे विचारले, तर उत्तर बहुधा दोन चित्रांपाशी येऊन थांबते. एक तुर्भ्याच्या अणुभट्टीच्या घुमटाचे आणि दुसरे आल्प्स पर्वताच्या बर्फात कोसळलेल्या विमानाचे. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. परंतु त्यांच्यामध्ये जे आयुष्य पसरलेले आहे त्याचा गाभा त्यांत येत नाही.

प्रस्तुत लेखक पदार्थविज्ञानाचा अभ्यासक नाही. अर्थशास्त्र शिकविणे हा त्याचा व्यवसाय. तरीही भाभांच्या चरित्राकडे तो वळला, याचे कारण त्या चरित्रात त्याला एक अर्थशास्त्रीय प्रश्न दिसला. गरीब देशाने स्वतःच्या गरजेचे आकडे स्वतः मोजावेत, की श्रीमंत देशांनी मोजलेले आकडे उसने घेऊन काम भागवावे? मोजण्याला पैसा लागतो, माणसे लागतात, वर्षे लागतात. उसना आकडा मात्र पुस्तकाचे पान उलटताच मिळतो. भाभांनी आयुष्यभर पहिला मार्ग धरला. एकदोन प्रसंगी ते दुसऱ्या मार्गाने गेले आणि तेथे त्यांचा अंदाज चुकला. या दोन्ही गोष्टी सारख्याच बोधप्रद आहेत.

प्रथम मोजायचे काय, ते पाहू. प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक अतिसूक्ष्म अणुकेंद्र असते. हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे प्रोटॉन. हा प्रोटॉन वेगाने दुसऱ्या अणुकेंद्रावर आदळला, तर तो नुसता उसळून जाईल, त्या केंद्राचे तुकडे करील, की त्यात सामावून जाऊन नवेच मूलद्रव्य निर्माण करील? आणि लक्षावधी प्रोटॉन सोडले तर त्यांतील किती यांपैकी कोणते काम करतील? या संभाव्यतेला शास्त्रज्ञ काटछेद म्हणतात. अंधाऱ्या रात्री गोफणीने शेतात दगड भिरकवावेत आणि किती दगड टणकन वाजले ते मोजून तेथील खडक केवढा आहे हे ठरवावे, तसाच हा प्रकार आहे. एक पातळ पत्रा घ्यायचा, त्यावर किती प्रोटॉन सोडले ते मोजायचे, कोणत्या दिशेला कोणता कण किती संख्येने बाहेर पडला ते मोजायचे आणि भागाकार करायचा. या मापाच्या एककाचे नाव बार्न, म्हणजे इंग्रजीत धान्याचे कोठार. ते नाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञांनी थट्टेने दिले. एक बार्न म्हणजे एका चौरस सेंटिमीटरचा भाग पाडायचा आणि त्या भागाचा छेद एकावर चोवीस शून्ये असा ठेवायचा. एवढ्या सूक्ष्म जगात हे क्षेत्रफळ कोठाराएवढेच मोठे!

या मापाचे वैशिष्ट्य असे, की ते केवळ कागदावर गणित करून भरवशाने मिळत नाही. प्रोटॉनची ऊर्जा थोडी बदलली की काटछेद बदलतो. लिथियमसाठी एक तर ऑक्सिजनसाठी दुसरा. मूलद्रव्यामागून मूलद्रव्य आणि ऊर्जेमागून ऊर्जा अशी कोष्टके भरावी लागतात. आपल्या शेतकऱ्याला याचे नवल वाटू नये. पिकाची पैसेवारी ठरविताना शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील पीक कापतात, मळतात, वजन करतात आणि त्यावरून सबंध मंडळाचे उत्पन्न ठरते. तो तुकडा प्रामाणिकपणे कापला गेला तर न्याय मिळतो. कचेरीत बसून आकडा भरला गेला तर मिळत नाही. अणुकेंद्राच्या बाबतीतही न्यायाची रीत हीच आहे.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत व संपन्न पारशी घराण्यात झाला. वडील बॅरिस्टर होते, आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख होते, आणि आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, चित्रकलेचे वातावरण होते. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. घरच्यांची अपेक्षा अशी, की मुलाने अभियंता व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या जागी बसावे. मुलाचे मन मात्र भौतिकीकडे ओढ घेत होते. वडिलांनी तडजोड सुचविली: अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळव, मग गणित शिकण्याचा खर्च मी देतो. १९३० मध्ये भाभांनी अट पुरी केली आणि १९३२ मध्ये गणिताची परीक्षाही त्याच इतमामाने उत्तीर्ण केली. अभियंत्याचे शिक्षण वाया गेले नाही, हे पुढे तुर्भ्याला दिसून आले.

१९३२ हे वर्ष केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या इतिहासात अद्भुत मानले जाते. त्या वर्षी चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला, आणि १४ एप्रिल रोजी कॉक्रॉफ्ट व वॉल्टन या दोघांनी माणसाने बनविलेल्या यंत्रातून वेग दिलेले प्रोटॉन लिथियमवर सोडून त्याचे अणुकेंद्र फोडले. प्रत्येक केंद्राचे हेलियमचे दोन तुकडे झाले आणि १ कोटी ७० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी झाली. प्रोटॉनला द्यावी लागलेली ऊर्जा काही लाखांचीच होती. म्हणजे प्रत्येक यशस्वी टकरीत कितीतरी पट नफा! तरीही प्रयोगशाळेचे प्रमुख रदरफर्ड यांनी त्यातून व्यापारी ऊर्जा मिळण्याची कल्पना उडवून लावली. कारण साधे होते. प्रत्येक टकरीत नफा प्रचंड. परंतु प्रोटॉन आणि लिथियम या दोघांवरही धन विद्युत् भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि अशी टक्कर लाखो प्रयत्नांतून एखाद्या वेळीच होते. सौद्यात फायदा, पण सौदे इतके विरळ की पेढी बुडीतच निघावी. नफ्याच्या गोष्टी करण्याआधी काटछेद मोजावा लागतो, हा धडा ज्या आवारात जगाला मिळाला त्याच आवारात बावीस वर्षांचे भाभा वावरत होते.

भाभा स्वतः प्रयोग करणारे नव्हते. ते सैद्धांतिक भौतिकीचे अभ्यासक. त्यांनी विषय निवडला विश्वकिरणांचा. अवकाशातून पृथ्वीवर सतत वर्षाव करणारे हे किरण त्या वेळी मोठे कोडे होते. १९३३ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध याच विषयावर प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले असता काय घडते, याचे त्यांनी केलेले गणित आज भाभा प्रकीर्णन या नावाने जगभर वापरले जाते. कणवेगवर्धकांत टकरींची संख्या पारखण्यासाठी ते प्रमाण म्हणून घेतले जाते, म्हणजे इतरांच्या मोजमापाचा काटा तपासण्याचे वजन म्हणून. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. एका कणापासून दोन, दोनांपासून चार असा वातावरणात कणांचा पाऊस कसा पडतो, हे त्यांनी दाखविले. या उपपत्तीने स्पष्ट होत नाहीत असे काही भेदक कण जमिनीपर्यंत पोहोचतात, ते इलेक्ट्रॉनपेक्षा जड असले पाहिजेत आणि वेगामुळे त्यांचे अल्पायुष्य लांबलेले दिसले पाहिजे, हेही त्यांनी ओळखले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

परंतु त्याआधीच त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले होते. १९३९ च्या उन्हाळ्यात ते सुटीसाठी मायदेशी आले आणि सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले. परत जाणे शक्य झाले नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जेथे सर चंद्रशेखर रामन होते, त्यांनी विश्वकिरणांच्या संशोधनाचा एक छोटा विभाग उभा केला. येथून त्यांच्या चरित्रातील अर्थशास्त्र सुरू होते.

प्रोटॉन अणुकेंद्रांवर आदळवायचे तर यंत्र हवे. अमेरिकेत सायक्लोट्रॉन उभे राहत होते. कलकत्त्याला मेघनाद साहा यांनी तसे यंत्र उभारण्याचा ध्यास घेतला. पण युद्धाने साहित्याची वाट अडविली, पैशाची चणचण संपेना, आणि ते यंत्र नीट चालू लागण्यास वर्षानुवर्षे लागली. साहांच्या जिद्दीला कोणी कमी लेखू नये. परंतु भाभांनी आपल्याजवळ काय नाही यापेक्षा काय आहे, याचा हिशेब आधी केला. विश्वकिरणांत पृथ्वीपर्यंत येणाऱ्या अणुकेंद्रांपैकी सुमारे नऊदशांश प्रोटॉनच असतात. वातावरणाच्या वरच्या थरात ते नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या केंद्रांवर आदळतात. म्हणजे निसर्गाचा प्रयोग आपल्या डोक्यावर रात्रंदिवस विनामूल्य चाललेला आहे. मोजणारा तेवढा हवा.

शिवाय एक विशेष सवलत भारताला मिळालेली आहे. पृथ्वीचे चुंबकत्व विद्युत् भार असलेल्या कणांना परतवून लावते आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ हा अटकाव सर्वांत कडक असतो. दक्षिण भारत या रेषेच्या निकट आहे. तेथे सुमारे पंधरा अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जेचेच प्रोटॉन वरून आत शिरू शकतात. त्याहून दुबळे कण बाहेरच गाळले जातात. १९५९ च्या अखेरीस जिनिव्हाजवळचा महाकाय वेगवर्धक सुरू होईपर्यंत एवढ्या ऊर्जेचे प्रोटॉन जगातील कोणत्याही यंत्रातून निघत नव्हते. अर्थशास्त्रात आम्ही ज्याला तुलनात्मक लाभ म्हणतो त्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. ज्या देशाजवळ यंत्र नव्हते त्याच्या आकाशात जगातील सर्वांत बलवान प्रोटॉन गाळून येत होते. भाभांनी ते ओळखले. युद्धकाळात लष्करी विमानांतून तीस हजार फुटांपर्यंत मोजणीयंत्रे नेण्यात आली, फुग्यांना ती बांधून आकाशात सोडण्यात आली, आणि अक्षांशानुसार भेदक कणांची संख्या किती बदलते याचे आपल्या भूमीवरचे आकडे हाती आले.

याच काळात भाभांनी कागदावर आणखी एक धाडस केले. प्रोटॉनचा विद्युत् भार एक एकक असतो. पण त्याच जातीच्या, दुप्पट भाराच्या जड कणाची शक्यता त्यांनी १९४० मध्ये मांडली. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी शिकागो येथे प्रोटॉन आणि मेसॉन यांच्या टकरी मोजताना तशा अवस्थेचा पुरावा फर्मी यांच्या गटाला मिळाला. सिद्धांत बंगळूरचा आणि मोजमाप शिकागोचे! आपल्याकडे सिद्धांत मांडणारे असले तरी मोजणारी साधने नसली तर शोधाचे श्रेय कोठे जाते, याचे हे उदाहरण भाभांना कितपत बोचले हे सांगता येत नाही. त्यांच्या पुढच्या कृतीने मात्र त्याचे उत्तर दिले.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था मागितली. अणुशक्तीचा उपयोग वीज निर्माण करण्यास होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ही त्या पत्रातील दृष्टी होती. हिरोशिमाचा स्फोट होण्यास तेव्हा सोळा महिन्यांहून अधिक काळ होता. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली आणि वर्षअखेरीस मुंबईला पेडर रोडवरील केनिलवर्थ नावाच्या बंगल्याच्या अर्ध्या भागात आली. आरंभीचे वार्षिक अंदाजपत्रक सुमारे ८०,००० रुपयांचे होते. टाटा न्यासाबरोबर त्या वेळच्या मुंबई सरकारनेही त्यात वाटा उचलला होता, ही गोष्ट महाराष्ट्राने आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

संस्था उभारताना भाभांची पद्धत उलटी होती. आधी इमारत, मग जागा आणि शेवटी माणूस, हा आपला सरकारी क्रम. त्यांनी आधी माणूस शोधला आणि त्याच्याभोवती विभाग वाढू दिला. विश्वकिरणांसाठी त्यांना बर्नार्ड पीटर्स मिळाले आणि देवेंद्र लाल यांच्यासारखे तरुण त्यांच्याभोवती जमले. प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे मुंबईतच बनविले जाऊ लागले. विशेष प्रकारच्या छायाचित्र-पट्टिका त्यांना बांधून वर सोडल्या जात. प्रोटॉन पट्टिकेतील अणुकेंद्रावर आदळला की तुकडे चारी दिशांना उडून ताऱ्यासारखी आकृती उमटे. सूक्ष्मदर्शकाखाली असे तारे एकेक करून मोजण्याचे काम वर्षानुवर्षे चाले. अशा कामाला गौरव नसतो, त्यात रुक्ष चिकाटी असते. कचेरीत खतावण्या तपासणाऱ्या कारकुनाला तिची जात ओळखू येईल.

याच गटाने आणखी एक सुंदर वाट धरली. हवेतील नायट्रोजन-ऑक्सिजनची केंद्रे प्रोटॉनांच्या व त्यांतून उडालेल्या कणांच्या माऱ्याने फुटली की बेरिलियमचे किरणोत्सर्गी प्रकार तयार होतात आणि पावसाबरोबर खाली येतात. त्यांतील एकाचे अर्धायुष्य सुमारे ५३ दिवसांचे, तर दुसऱ्याचे दहा लाख वर्षांहून अधिक. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी हे द्रव्य पावसाच्या पाण्यात आणि समुद्रतळाच्या गाळात शोधून मोजले, आणि हवा किती वेगाने वरखाली होते, समुद्रतळावर गाळ किती सावकाश साचतो, याची घड्याळे जगाला मिळाली. मृगाचा पाऊस वाशीमच्या शिवारात पडतो तेव्हा त्या थेंबांतही या दूरच्या टकरींचे अवशेष असतात.

स्वातंत्र्यानंतर भाभांच्या कार्याचा विस्तार झपाट्याने झाला. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि ते त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये स्वतंत्र खाते निर्माण होऊन तुर्भ्याचे केंद्र आकाराला येऊ लागले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही भट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनचे असले तरी भट्टी भारतीय अभियंत्यांनी बांधलेली होती. मोजणीची इलेक्ट्रॉनिक उपकरणे आयात न करता येथेच बनवावीत, हा भाभांचा कटाक्ष होता. त्या कामातून पुढे हैदराबादचा इलेक्ट्रॉनिक्स कारखाना उभा राहिला. १९५७ मध्ये तरुण पदवीधरांसाठी प्रशिक्षणशाळा सुरू झाली. १९६० च्या दशकाच्या आरंभी तुर्भ्याला प्रोटॉनांना ५५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा देणारा वेगवर्धक आला. आकाशातील प्रोटॉन बलवान असले तरी लहरी. ते केव्हा आणि कोणत्या ऊर्जेने येतील हे सांगता येत नाही. यंत्रातील प्रोटॉन दुबळे पण आज्ञाधारक. ऊर्जा थोडीथोडी बदलून कोष्टकाचे रकाने एकेक करून भरण्याचे काम आता मुंबईतच होऊ लागले. जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या समुद्रकाठी संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. तिच्या भिंतींवर भारतीय चित्रकारांची चित्रे लावण्यात भाभांनी जे लक्ष घातले तेही त्यांच्या स्वभावाचा भाग होते. ते स्वतः उत्तम चित्रे काढीत.

येथवरचे चरित्र गौरवाचे आहे. परंतु थोरांच्या चरित्रातील उणी बाजू झाकून ठेवणे हा त्यांचा सन्मान नव्हे. १९५५ मध्ये जिनिव्हा येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय अणुपरिषदेचे अध्यक्षपद भूषविताना भाभांनी असे भाकीत केले, की सूर्यात चालते तशा संमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळविण्याची रीत वीस वर्षांत सापडेल. सत्तर वर्षे उलटली, तरी तशी वीज कोणत्याही देशाच्या तारांतून वाहिलेली नाही. भारतातील अणुविजेविषयीचे त्यांचे अंदाजही असेच आशावादी ठरले. कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर अणुवीज परवडेल, हा त्यांचा युक्तिवाद सयुक्तिक होता आणि त्यातूनच १९६९ मध्ये तारापूरचे केंद्र सुरू झाले. पण देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा आजही तीन टक्क्यांच्या आसपासच आहे.

सर्वांत बोलका प्रसंग १९६४ सालचा. १६ ऑक्टोबरला चीनने अणुस्फोट केला आणि २४ ऑक्टोबरला भाभा आकाशवाणीवरून बोलले. त्या भाषणात त्यांनी दहा किलोटन शक्तीच्या स्फोटाचा खर्च साडेसतरा लाख रुपये दिला. हा आकडा अमेरिकेचा होता. तेथील प्रचंड अणुउद्योग आधीच उभा असताना एका स्फोटकाची आकारलेली ती किंमत होती. भट्टी, प्लुटोनियमचा कारखाना, चाचणी, वाहक विमाने यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. अर्थशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सीमांत खर्च आणि एकूण खर्च यांतील हा फरक सांगेल. टीकाकारांनी तो तेव्हाच दाखवून दिला. ज्याने आयुष्यभर स्वतः मोजण्याचा आग्रह धरला, त्यानेच एकदा दुसऱ्याचा आकडा आपल्या मापात घेतला आणि तोच आकडा फसवा निघाला. मोजलेल्या गोष्टींत भाभा क्वचितच चुकले. त्यांच्या चुका न मोजलेल्या गोष्टींतल्या आहेत. यातून त्यांच्या पद्धतीची थोरवी कमी होत नाही, उलट सिद्धच होते.

दुसरा आक्षेप साहांच्या काळापासूनचा आहे आणि तो आम्हा महाविद्यालयीन शिक्षकांना अधिक जवळचा वाटतो. उत्तम संशोधन खास संस्थांत एकवटले आणि विद्यापीठे दुबळी राहिली. मुंबईत प्रोटॉनांचे काटछेद मोजले जात असताना तालुक्याच्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत धूळ खात पडलेले तराजू आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. याचा सगळा दोष भाभांवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि हे त्यांच्या धोरणाचे एक फलित होते, हे नाकारता येत नाही. पुढे त्यांच्याच संस्थेतील प्रा. भालचंद्र उदगावकर यांच्यासारख्यांनी विज्ञानशिक्षणाकडे आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कार्याकडे लक्ष वळविले, ते जणू या उणिवेची भरपाई म्हणूनच.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाकडे निघालेल्या भाभांचे विमान माँ ब्लाँ शिखरावर आदळले. वय अवघे ५६ वर्षांचे. पुढील वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यामागे मोजमाप थांबले नाही, हे त्यांच्या संस्थाबांधणीचे खरे प्रमाणपत्र होय. १९८८ च्या अखेरीस कुलाब्याच्या आवारात १ कोटी ४० लाख व्होल्टचा पेलेट्रॉन वेगवर्धक चालू झाला. अणुकेंद्रांच्या अभिक्रियांचे जे आकडे जगभरातील प्रयोगशाळा एका सामाईक भांडारात जमा करतात, त्यांत भारतीय प्रयोगशाळांनी मोजलेले आकडेही आहेत. उसने घेणारा देश थोड्या प्रमाणात का होईना, देणारा झाला.

या सर्वाचा वाशीमच्या माणसाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक काही वर्षांपूर्वी तपासणीसाठी मुंबईला गेले होते. पेट स्कॅन करायचा होता. आदल्या दिवशीच इंजेक्शन देऊन का ठेवीत नाहीत, या त्यांच्या प्रश्नावर त्यांना सांगण्यात आले, की ते औषध साठवून ठेवता येत नाही. ते त्याच सकाळी बनवावे लागते. परतल्यावर त्यांनी तोच प्रश्न आम्हांला केला. उत्तर शोधता शोधता आम्ही पुन्हा प्रोटॉनापाशीच आलो. जड ऑक्सिजन असलेल्या पाण्यावर वेगवान प्रोटॉन सोडतात. ऑक्सिजनच्या केंद्रात प्रोटॉन शिरतो, एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि किरणोत्सर्गी फ्लोरिन तयार होते. सुमारे ११० मिनिटांत ते निम्मे उरते. कोणत्या ऊर्जेचे किती प्रोटॉन किती वेळ सोडले असता किती रुग्णांपुरते फ्लोरिन मिळेल, हे ठरते ते काटछेदाच्या कोष्टकावरून. परळला असे यंत्र २००२ मध्ये चालू झाले. ज्या टाटा रुग्णालयाच्या पायऱ्या विदर्भातील असंख्य कुटुंबांनी चढलेल्या आहेत, ते १९६२ मध्ये, भाभांच्या कारकिर्दीत, अणुऊर्जा खात्याकडे आले. आणि त्याच्या खारघर येथील केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनांच्या झोतानेच कर्करोगावर उपचार होऊ लागले. त्या झोतातील काही प्रोटॉन शरीरातील कार्बन-ऑक्सिजनच्या केंद्रांशी अभिक्रिया करून वाटेतच खर्ची पडतात. ते किती, हे मोजलेले असल्यावाचून मात्रा ठरविता येत नाही.

शेतकऱ्यांशीही हा धागा जोडलेला आहे. आपल्याकडे पेरल्या गेलेल्या टीएयू-१ या उडदाच्या नावातील पहिली तीन अक्षरे ट्रॉम्बे, अकोला आणि उडीद यांची आहेत. ट्रॉम्बे म्हणजेच तुर्भे. किरणोत्सर्गाने घडविलेल्या उत्परिवर्तनातून भाभा केंद्राने आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने सिद्ध केलेला हा वाण १९८५ मध्ये प्रसारित झाला. पिशवी फोडून पाभरीत बी टाकणाऱ्या हाताला ही वंशावळ ठाऊक असण्याचे कारण नाही. शिक्षकांना ती ठाऊक असावी.

भाभांचे स्मरण करायचे ते त्यांच्या पुतळ्याला हार घालून नव्हे, आणि केवळ त्यांच्या नावाच्या परीक्षेत गुण मिळवूनही नव्हे. वेगवर्धक उभारणे आपल्या आवाक्यातले नाही. भाभांच्याही ते आरंभी आवाक्यात नव्हते. त्यांनी डोक्यावरच्या आकाशापासून सुरुवात केली. आपल्यालाही आकाश आहे, विहिरी आहेत, शिवार आहे. आपल्या गावी पाऊस किती पडला, विहिरीची पातळी चैत्रात किती खाली गेली, एका एकरात सोयाबीन खरोखर किती पिकले, हे आकडे आपण बहुधा दुसरीकडून घेतो आणि मग ते आपल्याला लागू पडत नाहीत म्हणून तक्रार करतो. सहावीतल्या मुलाने शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून वर्षभर दररोज सकाळी आठ वाजता नोंद केली, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या मुलाच्या हाती दिली, तर त्या शाळेत भाभांचा एक छोटा विभाग सुरू झाला असे समजण्यास हरकत नाही. त्या वहीतील आकडा लहान असेल, पण तो उसना नसेल.